बिनकामाची दोन चाकं

मराठी मध्यमवर्गाचा मौजमजेला विरोध नाही. मजेतून काहीतरी पदरात पडावं, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. सहलीला जायचं ते हवापालट होतो म्हणून, पोहायचं ते सांधे मोकळे राहतात म्हणून, गाणं ऐकायचं ते रक्तदाब आटोक्यात राहतो म्हणून. आइस्क्रीम पुढ्यात आलं तरी कुणीतरी ‘दुधाचंच आहे, कॅल्शियम असतं’ असं म्हणून घेतं आणि मगच चमचा हलतो.

अशा समाजात वेव्हबोर्ड नावाची वस्तू शिरली, तेव्हा तिच्याकडे संशयानं पाहिलं जाणार हे ठरलेलंच होतं. खरं तर पुण्याला दोन चाकांचं काय अप्रूप? इथल्या दुचाकीवरून नवरा-बायको-मुलगा-मुलगी असं अख्खं रेशनकार्ड गेलेलं आहे, गणपती आलेला आहे, गॅसचा सिलिंडर गेलेला आहे आणि मागं बसणाऱ्यानं हात पसरून धरलेली प्लायवूडची शीट लक्ष्मी रोडवरून सुखरूप पार झालेली आहे. या नव्या दुचाकीला मात्र सीट नाही, हँडल नाही, डिकी नाही, स्टँड नाही आणि भाजीची पिशवी अडकवायला हुकही नाही. तिला ब्रेक नाही, याबद्दल तक्रार करणारा पुणेकर मला अजून भेटलेला नाही. हॉर्न नाही म्हटल्यावर मात्र लोक हळहळतात.

आहे तरी काय ही वस्तू? पाऊल मावेल एवढ्या दोन पसरट फळ्या आणि त्यांना मधे जोडणारा एक दांडा. हा दांडा पिळला जातो आणि सोडला की आतल्या स्प्रिंगमुळे पुन्हा मूळ जागी येतो. प्रत्येक फळीखाली पॉलियुरेथेनचं एकच चाक, साधारण ७६ मिलिमीटर व्यासाचं. हे चाक कॅस्टर जातीचं, म्हणजे ऑफिसातल्या खुर्चीला किंवा दवाखान्यातल्या स्ट्रेचरला असतं तसं, स्वतःभोवती गरकन फिरणारं. फरक एवढाच की खुर्चीच्या चाकाचा खुंट सरळ उभा असतो आणि याचा तिरका बसवलेला असतो. सगळी करामत त्या तिरकेपणात आहे. फळी ज्या बाजूला कलते, त्या बाजूला अंगाचं वजन चाकाला वळवतं. मागचं पाऊल एकदा बोटांवर, एकदा टाचेवर असं आलटूनपालटून दाबत राहिलं, की मागचं चाक जमिनीवर नागमोडी रेघ काढत जातं आणि प्रत्येक वळणाला बोर्डाला थोडा पुढं रेटा मिळतो. जमिनीला पाय लावावा लागत नाही. सराईत पोरं तर किंचित चढावरसुद्धा निव्वळ कंबर हलवत वर जातात.

खालून पेट्रोल नाही, मागून धक्का नाही, पाय जमिनीवर नाहीत आणि तरी माणूस डावीकडे-उजवीकडे झुकत पुढं पुढं जातोच आहे, हे दृश्य महाराष्ट्राला विधानसभेमुळे परिचयाचं आहे. पण पार्किंगमध्ये ते पहिल्यांदाच दिसत होतं.

वंशावळ पाहिली तर घराणंच रिकामटेकडं निघतं. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सर्फिंगवाल्यांना प्रश्न पडला की समुद्राला लाटा नसतील त्या दिवशी करायचं काय. त्यांनी फळीला चाकं ठोकली आणि रस्त्यावर उतरले. तो स्केटबोर्ड. आपल्याकडे समुद्र शांत असला तर लोक बोंबील काय भावानं मिळाले याची चौकशी करतात. १९७० च्या दशकात या फळ्यांना पॉलियुरेथेनची चाकं आली आणि बारीकशा खड्यावर अडकून तोंडावर आपटण्याचं प्रमाण कमी झालं. पुढं या शतकाच्या पहिल्या दशकात दोन कॅस्टर चाकांचा हा नातू आला आणि रेझर या अमेरिकी कंपनीनं ‘रिपस्टिक’ या नावानं तो घरोघरी पोचवला. आमच्या सोसायटीत आला तो चाकात लाल-निळे दिवे लुकलुकणारा, कुणाच्या तरी वाढदिवसाला, ‘आहेर आणू नये’ अशी स्पष्ट सूचना असताना.

आला आणि मुलांनी सोसायटीची फेरमोजणी सुरू केली. आम्ही इतकी वर्षं इथे राहतो, पण आपल्या पायाखाली काय आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मुलांना ते आठवड्याभरात पाठ झालं. गेटपासून बी विंगपर्यंत पेव्हर ब्लॉक. त्यांच्यातल्या फटींमुळे चाकांचा टर्रर्र असा आवाज होतो आणि तळपायापासून दाढेपर्यंत सगळं हलतं. त्यामुळे तिथून कुणी हौसेनं जात नाही. बी विंगच्या पार्किंगमध्ये चेकर्ड टाइल्स. चालतील, पण एक टाइल मधे उचकटलेली आहे आणि तिची नेमकी जागा पहिलीतल्या पोरालाही माहीत आहे. कमिटीला मात्र तीन अर्ज देऊनही सापडलेली नाही. बेसमेंटच्या रॅम्पवर गाड्या घसरू नयेत म्हणून आडव्या खाचा पाडल्यात, त्यामुळे तो वर्ज्य. पावसाळी गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या जाण्याच्या दिशेनं असतील तर चाक आत जातं, आडव्या असतील तर वाचतं. ए आणि सी विंगच्या मधला पट्टा मात्र ट्रिमिक्स काँक्रीटचा. तो स्वर्ग. ट्रिमिक्स म्हणजे काय, हे बिल्डरनं ब्रोशरमध्ये ठळक छापूनही आम्ही कधी वाचलं नव्हतं. आता सहा वर्षांची पोरं ‘चल ट्रिमिक्सवर’ म्हणतात. लॉबीतला ग्रॅनाइट हा स्वर्गाच्याही वरचा मजला. तिथे दुपारी अडीच ते चार, वॉचमनचा डोळा लागलेला असताना प्रवेश मिळतो.

यथावकाश ‘उपयोग काय?’ ही चौकशी सुरू झाली.

पहिल्या मजल्यावरच्या आजींनी गॅलरीतून विचारलं, “अरे, याच्यावरून पडायला होत नाही का?”

“होतं की.”

“मग कशाला बसायचं त्याच्यावर?”

पोरगं विचारात पडलं. त्याला प्रश्न कळला होता, पण असा प्रश्न का पडावा ते कळत नव्हतं.

निवृत्त मुख्याध्यापकांची चिंता वेगळी होती. दहावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिली तर मिळतात, लोककलेचे मिळतात. यात हे कुठे बसतं का? बसत नसेल तर मुलानं आत्ताच सावध व्हावं. शेजारचे सद्‌गृहस्थ म्हणाले, “नाही, पण पुढे याला स्कोप काय?” स्कोप या शब्दाचा आमच्या पिढीवर फार मोठा उपकार आहे. त्यानं आमची कितीतरी आवडती कामं वेळीच बंद पाडली. आता ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग आलंय, टोकियोला एका तेरा वर्षांच्या जपानी मुलीनं त्यात सुवर्णपदक घेतलं, असं मी सांगून पाहिलं. सद्‌गृहस्थांचे डोळे क्षणभर चमकले. पण तो बोर्ड चार चाकांचा आणि हा दोन चाकांचा, हे लक्षात आल्यावर त्यांनी आपली आशा परत घेतली.

सी विंगमधल्या इंजिनिअर बाबांनी मात्र उपयोग शोधून काढला. त्यांनी मुलाला ट्रिमिक्सवर उभं करून सांगितलं, की या बोर्डाचा एक चुलतभाऊ आहे, स्नेकबोर्ड. त्याच्यावर १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकमध्ये संशोधकांनी गंभीरपणे निबंध लिहिलेत. चाकाला पुढं घरंगळायची मुभा असते आणि आडवं घसरायची मनाई असते. त्यामुळे शरीरानं जागच्या जागी दिलेला पीळ पुढच्या गतीत बदलतो. अशा बंधनांना नॉनहोलोनॉमिक म्हणतात. साप, रोबो, सगळं यात येतं. मुलगा शांतपणे ऐकत होता. बाबांनी विचारलं, “आलं लक्षात?” मुलगा म्हणाला, “हो. बाजूला व्हा ना, तुम्ही मधे उभे आहात.”

यानंतर विषय थेट वार्षिक सर्वसाधारण सभेत गेला. लिफ्टच्या देखभालीचा करार, गच्चीची गळती आणि सिंकिंग फंड हे विषय चहा येईपर्यंत मंजूर झाले. मग आयत्या वेळच्या विषयांत वेव्हबोर्ड निघाला आणि सभा खऱ्या अर्थानं सुरू झाली. एका सभासदाचं म्हणणं, गाड्यांना चरे पडतात. दुसऱ्याचं म्हणणं, चरे पेव्हर ब्लॉकच्या कामाच्या वेळी पडले, त्याचा हिशेब आधी द्या. तिसऱ्यानं कामाचा हिशेब कुणी मागितला याची नोंद इतिवृत्तात घ्यायला सांगितली. शेवटी सूचनाफलकावर कागद लागला, की पार्किंगमध्ये वेव्हबोर्ड, स्केट्स ‘व तत्सम प्रकार’ आढळल्यास जप्त करण्यात येतील. खाली सेक्रेटरींची सही, शिक्का. मुलांनी तो कागद वाचला तो बोर्डवर उभं राहूनच, कारण त्यामुळे त्यांचे डोळे नेमके फलकाच्या उंचीला येत होते.

जप्तीची वेळ आली नाही. जप्त करायला वॉचमन येई तेव्हा पोरं वेग वाढवत, आणि वॉचमनला चाकं नव्हती.

मला स्वतःला तो बोर्ड चालवून पाहावासा वाटला, याला काहीही सबळ कारण नव्हतं. पाचवीतल्या एका मुलीनं शिकवायचं कबूल केलं. तिची पद्धत फार संक्षिप्त होती. “पुढचा पाय बरोबर मधे ठेवा. मागच्यानं एकदा ढकला. लगेच वर घ्या. खाली बघू नका, त्या खांबाकडे बघा.”

“कंबर किती हलवायची?”

“जेवढी हलेल तेवढी.”

“पण वळायचं कसं?”

“तिकडे बघायचं, मग ते वळतं.”

“ते का वळतं?”

“मला काय माहीत? मी चालवते फक्त.”

बोर्डावर उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळतं, की आपली दोन पावलं आजवर एकाच निर्णयावर जगत आली आहेत. इथे पुढची फळी डावीकडे झुकते तेव्हा मागची उजवीकडे, आणि आपण त्या दोघींच्या भांडणात मध्यस्थ. गुडघे ताठ केले की बोर्ड फेकून देतो. थांबलं की फेकून देतो. सुरक्षित राहावं म्हणून मी कव्हर घातलेल्या एका गाडीच्या टपाला धरून उभा राहिलो, तर गाडी जागेवर, हात टपावर आणि पाय मात्र गेटच्या दिशेनं निघाले. गुरू म्हणाली, “काका, धरलं की पडता. सोडा.” सोडलं. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतचं अंतर, आठ-दहा पावलांचं असेल, पाय न उचलता पार झालं. चाकं पायाखाली वळवळत होती, कमरेतून उचललेली लय बोर्डातून जमिनीत उतरत होती आणि मी चक्क मोठ्यानं हसत होतो.

भर वस्तीत पन्नाशीचा माणूस विनाकारण हसतो, म्हणजे काळजीचं कारण. दोन गॅलऱ्या उघडल्या. आजींनी विचारलं, “काय झालं हो? बरं वाटतंय ना?” आमच्या सौभाग्यवतींनी वरून पाहिलं आणि विम्याचा हप्ता भरला होता का, एवढंच विचारलं. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात माझ्या गुरूनं, वेग जराही कमी न करता, मला वळसा घालता घालता परस्पर जाहीर केलं, “काकांना डॉक्टरांनी सांगितलंय!”

दहा वर्षांच्या मुलीला आमच्या समाजाची किती जाण असावी! एका वाक्यात सगळं वातावरण पालटलं. “असं होय, पाठीसाठी असेल,” आजी म्हणाल्या. “चालू दे, चालू दे.” मुख्याध्यापकांनी ‘कोअर मजबूत होतो’ अशी भर घातली. हल्ली हा कोअर आमच्याकडे सगळ्यांना झालाय. पूर्वी नुसतं पोट असायचं. संध्याकाळपर्यंत दोघांनी त्या डॉक्टरांचा नंबर मागितला आणि एकानं ते संध्याकाळचे किती ते किती बसतात हेही विचारलं.

डॉक्टरांचा या खेळाशी खरा संबंध येतो तो पडल्यावर. पोरं पडतात तेव्हा गोळा होऊन पडतात किंवा बोर्ड सोडून चार पावलं पळतात. मोठी माणसं पडताना अब्रू वाचवायला हात पुढं करतात आणि सगळं वजन मनगटावर येतं. अशा पडण्यानं मनगटाजवळ जे हाड मोडतं, त्याला कॉलीज फ्रॅक्चर म्हणतात. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलीज यांनी १८१४ मध्ये त्याचं वर्णन लिहिलं, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ऐंशी वर्षं होती. नुसत्या हातानं चाचपून त्यांनी ते ओळखलं. म्हणून मनगटाला गार्ड, गुडघ्याला पॅड आणि डोक्याला हेल्मेट हवंच. मुलांच्या बाबतीत पालक यात फार कडक आहेत. जमिनीपासून चार बोटं उंचीवर उभ्या असलेल्या मुलाच्या हनुवटीखालचा पट्टा स्वतः तपासून, “हेल्मेट काढलंस तर बघ!” असा दम देऊन बाबा स्कूटरला किक मारतात आणि हेल्मेट आरशाला अडकवून सिंहगड रस्त्याच्या गर्दीत शिरतात. हेल्मेटसक्तीला विरोध ही या शहराची जुनी परंपरा आहे आणि परंपरा मोठ्यांनीच जपायच्या असतात.

पायाला चाकं लावून पडण्याची परंपरा तर त्याहून जुनी. अठराव्या शतकात लंडनला जोसेफ मर्लिन नावाचे कारागीर होते. वाद्यं करायचे, यंत्रं करायचे. एका मेजवानीत ते चाकांच्या बुटांवर, व्हायोलिन वाजवत प्रवेशले. प्रवेश उत्तम झाला. थांबायचं कसं, याची तजवीज त्यांनी केलेली नव्हती. पाचशे पौंडांहून महाग अशा आरशावर ते जाऊन आदळले, आरसा गेला, व्हायोलिन गेलं आणि स्वतः चांगलेच जखमी झाले, अशी हकीकत सांगतात. मला या माणसाबद्दल नितांत आदर आहे. चाकं पायाला बांधून त्यांना कुठंही पोचायचं नव्हतं. आधीच पोचलेल्या ठिकाणी त्यांना नुसतं फिरायचं होतं.

पण ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ या वाक्याचा परिणाम पार्किंगपुरता राहिला नाही. ज्याला डॉक्टरांची मान्यता आहे त्याचा क्लास असायलाच हवा, या नियमानं महिन्याभरात क्लब हाउसच्या दारावर पत्रक लागलं. वेव्हबोर्ड बेसिक बॅच, सोम-बुध-शुक्र, संध्याकाळी पाच ते सहा, टी-शर्टसह. मग इंटरमीजिएट, मग ॲडव्हान्स्ड, शेवटी प्रमाणपत्र. ज्या कमिटीनं जप्तीचा कागद काढला होता, तिनंच ट्रिमिक्सचा पट्टा भाड्यानं दिला आणि मुख्याध्यापक उद्‌घाटनाला आले. पहिली वीस मिनिटं वॉर्म-अप, पुढची वीस मिनिटं शंकूंच्या मधून एकेकानं जायचं, उरलेल्या वेळात सरांनी काय चुकलं ते सांगायचं. माझ्या गुरूला बेसिक बॅचमध्ये घालण्यात आलं, कारण आधी शिकल्याचं तिच्याकडे काही सर्टिफिकेट नव्हतं. ‘जेवायला ये’ म्हणून ज्यांना तिसऱ्या मजल्यावरून हाका माराव्या लागत, त्या पोरांची आता बरोबर पावणेपाचला पोटं दुखू लागली. बॅच कशीबशी पूर्ण झाली. प्रमाणपत्रं लॅमिनेट झाली. बोर्ड चपलांच्या रॅकखाली गेले आणि पोरं फ्रिजच्या रिकाम्या खोक्यात बसून बेसमेंटच्या रॅम्पवरून घसरायला गेली. खोक्याचा उपयोग काय, हे अजून कुणी विचारलेलं नाही. त्यामुळे तो खेळ सध्या जोरात आहे.

रॅकखालचे बोर्ड पाहून एका काकांना स्वस्थ बसवेना. पैसे मोजून घेतलेली वस्तू, चाकं चांगली, बेअरिंग चांगलं. नळाला पाणी नव्हतं त्या दिवशी त्यांनी वीस लिटरचा पाण्याचा जार गेटपासून लिफ्टपर्यंत नेण्यासाठी एक बोर्ड काढला, जार त्याच्या मधोमध ठेवला आणि हात सोडला. जार डावीकडे कलंडला. पुन्हा ठेवला. उजवीकडे कलंडला. काकांनी फळ्यांच्या खाली वाकून पाहिलं, स्प्रिंग दाबून पाहिलं, कंपनीला दोन शब्द सुनावले. खोकं घेऊन चाललेली माझी गुरू थांबली.

“काका, तो नाही राहणार त्याच्यावर.”

“का नाही राहणार?”

“त्याला कंबर हलवता येत नाही ना.”

काकांनी जार आडवा केला आणि पायानं लोटत निघाले. ते पाहून पोरांनी खोकं टाकलं. “आम्ही नेतो, आम्ही नेतो” करत चौघांनी जारचा ताबा घेतला, पेव्हर ब्लॉकवरून टर्रर्र करत पळवला, ट्रिमिक्सवर शर्यत लावली आणि आरडाओरडा करत लिफ्टच्या दाराशी आणून भिडवला. लगेच दुसरा जार आणायला पळालेसुद्धा. पाणी घरात येत होतं, काकांची पाठ वाचत होती, एक थेंब सांडला नव्हता. पण काम चालू असताना कुणालातरी इतकी मजा येते आहे, हे काकांना सहन झालं नाही. त्यांनी पोरांना हाकललं आणि उरलेले जार स्वतः, कण्हत, उचलून नेले.